चार्ली कुठला?

चंद्रावरच्या एका गुहेत माणसाचा मृतदेह सापडतो. अंगात लाल रंगाचा अंतराळपोशाख. चंद्रावर वावरणाऱ्या सगळ्यांकडे चौकशी होते, पण कुणाचाच माणूस हरवलेला नाही. पोशाखाची घडण ओळखीची नाही, जवळच्या कागदांवरची लिपी पृथ्वीवर कुणालाच वाचता येत नाही. डॉक्टर देह तपासतात आणि सांगतात, की हा माणूसच आहे; हाडं, दात, काळीज, मेंदू, कुठंही तसूभर फरक नाही. मग त्याचं वय काढलं जातं. त्याला मरून पन्नास हजार वर्षं झालेली असतात.

पन्नास हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा माणूस दगड फोडून हत्यारं करत होता. मग चंद्रावर पोचलेला हा गृहस्थ कुठला?

जेम्स पी. होगन या इंग्रज लेखकाच्या ‘इनहेरिट द स्टार्स’ या पहिल्यावहिल्या कादंबरीची ही सुरुवात. ती १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मृतदेहाला शास्त्रज्ञ कामापुरतं ‘चार्ली’ म्हणू लागतात, आणि चार्ली कुठला या एका प्रश्नावर सगळं पुस्तक उभं आहे. गेली जवळजवळ पन्नास वर्षं ते वाचलं जातंय, आणि वाचणारे नुसते खूश किंवा नाखूश होऊन थांबत नाहीत. ते लेखकाचं उत्तर तपासायला बसतात. कादंबरीइतकीच ही तपासणीही मला नवलाची वाटते, म्हणून हा लेख. मात्र तिच्याबद्दल बोलायचं तर रहस्य फोडावंच लागणार. ज्यांना आधी पुस्तक वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं आणि नंतर परत यावं.

होगन मूळचा इंजिनिअर. सोळाव्या वर्षी फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत उमेदवारीला लागला आणि पुढं संगणक विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ त्यानं पाहिला. त्याला तो आवडला, पण शेवट काही केल्या कळेना. ऑफिसात तो ही कुरकुर इतकी करू लागला की सहकाऱ्यांनी पैज लावली: तू स्वतः एक कादंबरी लिहून छापून आणून दाखव. त्यानं ती दाखवली. आयझॅक आसिमोव्हनं तिची तारीफ करताना आर्थर क्लार्कला आता जरा सरकून जागा द्यावी लागेल, असा शेरा मारला. पहिल्या पुस्तकाला यापेक्षा मोठी पावती कुठली? आणि कुब्रिकबरोबर क्लार्कनंच लिहिलेल्या त्या चित्रपटावरच्या वैतागातून ते पुस्तक जन्माला आलं होतं, ही त्यातली गंमत.

या कादंबरीत खलनायक नाही. पाठलाग नाही, गोळीबार नाही, प्रेमकथा म्हणावी तर तीही नाही. आहेत त्या बैठका. शास्त्रज्ञ टेबलाभोवती बसतात, पुरावे मांडतात, भांडतात, नवा पुरावा येतो, कालचा सिद्धान्त मोडतो, पुन्हा बैठक. एवढ्यावर वाचक पानामागून पान उलटत राहतो, कारण प्रत्येक नवा पुरावा एक कोडं सोडवतो आणि दोन नवी घालतो.

भांडणारे मुख्यतः दोघं. व्हिक्टर हंट हा भौतिकशास्त्रज्ञ. त्यानं वस्तू न उघडता तिच्या आतलं दाखवणारं एक यंत्र बनवलंय. चार्लीजवळची डायरी इतकी जीर्ण आहे की पान उलटलं तर भुगा होईल. हंटचं यंत्र ती मिटलेलीच वाचतं. १९७७ साली ही निव्वळ कल्पना होती. गंमत बघा, २०२३ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत जळून कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळीतला पहिला शब्द ती गुंडाळी न उलगडता वाचला गेला. क्ष-किरणांनी आतल्या थरांची चित्रं घेतली आणि संगणकानं शाईच्या खुणा हुडकल्या. शब्द होता ‘जांभळा’. होगनचं यंत्र न्यूट्रिनो नावाच्या कणांनी आतलं पाहतं; तसं करणं अजून कुणाला जमलेलं नाही, पण काम झालं.

दुसरा ख्रिश्चन डॅनचेकर, जीवशास्त्रज्ञ. चिडखोर, शिष्ट, आपलंच खरं करणारा. तो पहिल्याच बैठकीत सांगून टाकतो, की चार्ली पृथ्वीचाच. दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी स्वतंत्रपणे उपजली आणि योगायोगानं तिथंही हुबेहूब माणूस तयार झाला, असं कधीही होणार नाही. सुरुवातीला वाचकाला हा माणूस अडेलतट्टू वाटतो. पण त्याचं म्हणणं विज्ञानाच्या कसोटीवर चोख आहे, आणि ते जरा थांबून समजून घ्यावं असं आहे.

उत्क्रांतीत दोन वेगळे वंश एकसारख्या गरजेमुळं एकसारखे दिसू लागतात, हे खरं. शार्क हा मासा आणि डॉल्फिन सस्तन, तरी दोघांची अंगकाठी सारखी, कारण पाणी कापत पुढं जायला तोच आकार बरा पडतो. पण आत पाहिलं की बिंग फुटतं. डॉल्फिनला फुप्फुसं आहेत, शार्कला कल्ले. ऑक्टोपसचा डोळा तर आपल्या डोळ्याचा जुळा भाऊ वाटावा: भिंग, बाहुली, पडदा, सगळं आहे. मात्र आपल्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढच्या अंगानं येतात आणि पडद्याला भोक पाडून मागं जातात, म्हणून प्रत्येकाच्या नजरेत एक आंधळा ठिपका असतो. ऑक्टोपसचे तंतू मागूनच निघतात, त्याच्या नजरेत तो ठिपका नाही. दोन वंशांनी एकच गोष्ट घडवली, पण ज्याच्या त्याच्या जुन्या सामानातून. म्हणजे वरून सारखेपणा योगायोगानं येऊ शकतो. आतल्या हजार निरर्थक बारकाव्यांसकट येत नाही. चार्लीत ते सगळे बारकावे आपले आहेत. तेव्हा त्याचे पूर्वज आणि आपले पूर्वज एकच, हे डॅनचेकरचं अनुमान हलत नाही.

हंटची बाजूही तितकीच भक्कम. पृथ्वीवर पन्नास हजार वर्षांपूर्वी अंतराळयान बनवणारी संस्कृती असती तर तिच्या खाणी, रस्ते, कचरा, काहीतरी सापडलंच असतं. काहीच सापडत नाही. चार्लीच्या डायरीतले तक्ते पृथ्वीच्या वर्षाशी जुळत नाहीत. ते जुळतात मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या एका ग्रहाशी, जो आज तिथं नाही. त्याला नाव दिलं जातं मिनर्व्हा.

दोघंही बरोबर, आणि दोघांचं एकत्र खरं असणं अशक्य. कादंबरीची सगळी ताकद या पेचात आहे.

मग गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर बर्फाखाली एक परकं यान सापडतं, अडीच कोटी वर्षांपूर्वीचं. त्यात माणसांपेक्षा कितीतरी उंच अशा प्राण्यांचे सांगाडे, आणि शिवाय पृथ्वीवरचे त्या काळातले पशू. आणि शेवटचा पेच सगळ्यांत सुंदर: डायरीवरून दिसतं की चार्ली आपल्याच चंद्रावर उभा आहे, आणि तिथून त्याला आकाशात मिनर्व्हा दिसतोय. जो ग्रह मंगळापलीकडं होता, तो आपल्या चंद्रावरून डोक्यावर कसा दिसेल?

हंटचं उत्तर असं, की चार्ली उभा होता तो चंद्र तेव्हा आपला नव्हताच. तो मिनर्व्हाचा चंद्र होता. अडीच कोटी वर्षांपूर्वी महाकाय परग्रहवासीयांनी पृथ्वीवरचे प्राणी मिनर्व्हावर नेले, त्यांतल्या कपिवंशातून तिथं माणूस घडला, त्याच्या दोन राष्ट्रांत महायुद्ध पेटलं, ग्रह फुटला. त्याचा काही भाग लघुग्रहांचा पट्टा झाला, मोठा तुकडा भिरकावला जाऊन प्लूटो झाला, आणि पोरका झालेला चंद्र सूर्याकडं घसरत येऊन पृथ्वीच्या कह्यात सापडला. त्याच्यावर काही माणसं जिवंत होती. शेवटचा घाव मात्र डॅनचेकरचा: ती माणसं पृथ्वीवर उतरली. निअँडरथल हा पृथ्वीचा मूळ माणूस, त्याला त्यांनी संपवलं. त्यांचे वंशज कोण? या बैठकीत बसलेले सगळे. चार्ली कुठला, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता प्रश्न उलटून आपल्यावर येतो.

इथं बहुतेक वाचकांचा श्वास अडकतो, आणि बहुतेकांना दोन मिनिटांनी भान येऊन शंका सुचू लागतात. त्याआधी तक्रारींचं उरकून घेऊ, कारण त्याही खऱ्या आहेत. पात्रं पुठ्ठ्याची आहेत. हंट हुशार आहे यापलीकडं त्याच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही. बायका जवळजवळ नाहीतच. लिन गारलंड ही एक चतुर बाई आहे, पण ती हंटच्या साहेबांची मदतनीस. आणि सगळे सतत सिगारेटी ओढतात. कथेचा काळ २०२० च्या दशकाच्या अखेरीचा, म्हणजे आपलाच. त्यामुळं आजच्या वाचकाला गुरूपर्यंतचा प्रवास पटतो, पण बैठकीतला धूर पटत नाही. या तक्रारी करणारे बहुतेक जण पुस्तक पूर्ण वाचून मगच तक्रार करतात, हेही नोंदवायला हवं.

सगळ्यांत मोठं प्रेम या कादंबरीला मिळालं ते जपानमध्ये. १९८० साली तिचा अनुवाद आला आणि १९८१ साली परदेशी कादंबरीसाठीचा ‘सेइउन’ पुरस्कार तिला मिळाला. हा पुरस्कार विज्ञानकथा संमेलनाला येणारे वाचक मतं देऊन ठरवतात, त्यामुळं ती थेट वाचकांची पावती. इंग्रजी मुलुखात होगनचं नाव हळूहळू मागं पडलं, जपानमध्ये पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. १९९० च्या सुमाराची तिथली गाजलेली ‘नादिया’ ही ॲनिमेशन मालिका घ्या, तीही मानवाच्या परग्रही उगमाची गोष्ट सांगते; तिच्या शेवटच्या भागाचं नाव या कादंबरीच्या जपानी शीर्षकावरून घेतलेलं. २००५ साली आलेल्या ‘गुंडाम’ चित्रपटाचंही तसंच. युकिनोबु होशिनो या चित्रकारानं तिच्यावर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढला आणि २०१३ साली त्यालाही सेइउन मिळाला.

हे का झालं असावं? जपानी वाचकांना खून आणि तपासाच्या शिस्तबद्ध कथांची मोठी परंपरा आहे: सगळे पुरावे वाचकासमोर ठेवायचे, त्याला फसवायचं नाही, आणि तरी शेवटी चकित करायचं. त्यांनी होगनला त्या पंगतीत बसवलं. प्रेत आहे, बंद खोली आहे (चंद्रापेक्षा बंद खोली ती कुठली?), खोटी ठरलेली साक्ष आहे, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून उलगडा करणारा हेरही आहे. अमेरिकेतल्या वाचकाला पुठ्ठ्याची वाटणारी पात्रं इथं आड येत नाहीत. हेरकथेत हेराच्या बालपणाची चौकशी कोण करतं? मला हे जपानी वाचन जास्त न्यायाचं वाटतं.

आता शंकांकडं. पहिली प्लूटोची. कादंबरी मे १९७७ मध्ये आली. जून १९७८ मध्ये प्लूटोला शॅरन नावाचा चंद्र आहे असं कळलं. चंद्र सापडला की त्याच्या फेऱ्यांवरून मूळ गोलाचं वजन काढता येतं. प्लूटो पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अर्धा टक्कासुद्धा भरेना. फुटलेल्या ग्रहाचा ‘मोठा तुकडा’ आपल्या चंद्राहूनही कितीतरी हलका निघाला. लघुग्रहांच्या पट्ट्याचंही तसंच. तिथं एक ग्रह फुटला असावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओल्बर्स या जर्मन खगोलज्ञानं मांडली होती, म्हणजे होगननं ती उसनी घेतली. पण पट्ट्यातला सगळा माल एकत्र केला तरी आपल्या चंद्राच्या शंभरातले चार भागही होत नाहीत. ग्रह गेला कुठं?

दुसरी शंका चंद्राची, आणि ती अधिक मजेची. चंद्राच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत, हे १९५९ साली सोव्हिएत रशियाच्या लुना-३ यानानं पाठवलेल्या पहिल्या चित्रांपासून ठाऊक होतं. आपल्याकडच्या बाजूला काळसर लाव्ह्याची मोठमोठी मैदानं, पलीकडच्या बाजूला जवळपास नाहीतच. तिथं सगळा खडबडीत डोंगराळ मुलूख. हे का, याचं पक्कं उत्तर १९७७ साली नव्हतं. होगननं त्या फटीत बोट घातलं: पलीकडची बाजू म्हणजे मिनर्व्हा फुटला तेव्हा अंगावर आलेला ढिगारा, वय पन्नास हजार वर्षं. कथालेखकानं करावं ते हेच. विज्ञानाला जिथं ‘माहीत नाही’ म्हणावं लागतं नेमकी तिथली जागा त्यानं कथेसाठी घेतली.

जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ ६ यानानं त्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणि दगड पृथ्वीवर आणले. मानवाच्या हाती आलेले तिथले हे पहिले नमुने. त्यातल्या लाव्ह्याचं वय निघालं सुमारे २८० कोटी वर्षं. पन्नास हजारांचा ढिगारा तिथं नाही. आणखी पक्का पुरावा अपोलोच्या ३८२ किलो दगडांत आधीपासूनच पडून होता. ऑक्सिजनचे तीन स्थिर प्रकार असतात, आणि सूर्यमालेत जो गोल जिथं घडला तिथल्या मिश्रणाची खूण त्याच्यावर कायमची राहते. मंगळावरून आलेल्या उल्का या खुणेवरूनही ओळखता येतात. चंद्राचं आणि पृथ्वीचं मिश्रण मात्र इतकं एकसारखं आहे की दोघं एकाच घाण्यातून निघालेले असणार. मंगळापलीकडून आलेल्या चंद्राची खूण वेगळी असती. पृथ्वीच्या बालपणी एक मोठा गोल तिच्यावर आदळला आणि त्या राड्यातून चंद्र घडला, ही आज मान्य असलेली कल्पना १९७५-७६ मध्येच मांडली गेली होती. होगन लिहीत होता तेव्हा ती अगदी नवी होती आणि तिचं वजन कुणाला जाणवलं नव्हतं.

वयाबद्दलची शंका थोडक्यात सांगतो, कारण ती चोखंदळ वाचकाला हमखास सुचते. जुन्या देहाचं वय काढायची रोजची पद्धत म्हणजे कार्बन-१४. पन्नास हजार वर्षांत तो हजारात दोन-अडीच भाग एवढाच उरतो, म्हणजे पद्धतीची हद्दच आली. शिवाय सुरुवातीला किती होता हे ठाऊक असावं लागतं, आणि तो आकडा पृथ्वीच्या हवेचा आहे. दुसऱ्या ग्रहाच्या हवेत वाढलेल्या माणसाला आपली पट्टी लावून कशी चालेल?

पण खरी लढाई रक्तात आहे. चार्लीचे पूर्वज अडीच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी सोडून गेले असतील आणि आपण त्याचे वंशज असू, तर चिंपांझी आपला अडीच कोटी वर्षांपूर्वी तुटलेला नातेवाईक ठरतो. १९६७ सालीच व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं होतं, की माणूस आणि आफ्रिकी कपी फुटून फार तर पन्नास लाख वर्षं झालीत. मग होगननं हे वाचलं नव्हतं का? कदाचित वाचलं असेल. पण त्या वेळी जीवाश्म उकरणारे लोक या प्रयोगशाळेतल्या मंडळींवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि त्यामागं होता आपल्याकडचा एक जबडा.

१९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या तरुणाला आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ शिवालिकच्या टेकड्यांत एका कपीच्या वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. त्यानं त्याचं नाव ठेवलं रामापिथेकस. त्याच भागातल्या दुसऱ्या एका अवशेषाला नाव दिलं सुग्रीवपिथेकस. शिवापिथेकस तर आधीपासून होताच. रामायणाचं सगळं सैन्य जीवाश्मांच्या कपाटात! १९६० च्या दशकात हा रामापिथेकस माणसाचा सर्वांत जुना पूर्वज म्हणून शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला, वय एक कोटी चाळीस लाख वर्षांच्या घरात. माणूस इतका जुना असेल तर कपींपासूनची फारकत आणखी मागं न्यावी लागते, आणि मग होगनचे अडीच कोटी तितकेसे वेडगळ उरत नाहीत. १९८२ साली पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर सापडलेल्या शिवापिथेकसच्या चेहऱ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो सरळसरळ ओरांगउटानसारखा होता, आणि रामापिथेकस हा त्याच गोतावळ्यातला. रामाची गादी गेली, रक्तवाले जिंकले. कादंबरी या दोन निकालांच्या मधल्या फटीत लिहिली गेली, हे ध्यानात घेऊन ती वाचली तर लेखकावर हसू येत नाही.

आज हिशेब कुणालाही करता येतो. २००५ साली चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, आला. त्याची आणि आपली अक्षरं समोरासमोर ठेवली तर शंभरात सव्वाएक ठिकाणी फरक. २००७ साली रीसस माकडाचा आला, म्हणजे आपल्या देवळांच्या आवारात प्रसाद पळवणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांच्या गोतातलं. तिथं फरक सातएक टक्क्यांचा, कारण त्या वंशाशी आपली फारकत खरोखरच अडीच-तीन कोटी वर्षांची आहे. होगनची गोष्ट खरी असती तर चिंपांझीही आपल्यापासून जवळपास त्या माकडाइतका लांब निघाला असता.

आणि निअँडरथल? कादंबरीत तो पराभूत आणि परका. मे २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पेबो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलच्या हाडांतून काढलेला जीनोमचा पहिला खर्डा प्रसिद्ध केला, आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा थोडासा वाटा निघाला, शंभरात साधारण दोन. तुमच्याआमच्यात तो आहे. दुसऱ्या ग्रहावर अडीच कोटी वर्षं वेगळ्या वाढलेल्या वंशाला इथल्या निअँडरथलपासून मुलं होणं शक्यच नव्हतं. चार्लीच्या गोष्टीला याहून नेमका नकार असू शकत नाही, आणि तो नकार आपण प्रत्येक पेशीत बाळगून हिंडतोय. होगन त्याच वर्षी जुलैत वारला.

शेवटच्या वर्षांतला होगन वाचकांना वेगळ्याच कारणानं आठवतो, आणि ते सांगायलाच हवं. २००४ साली त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्यात डार्विनच्या उत्क्रांतीवर त्यानं शंका घेतली, एचआयव्हीमुळं एड्स होतो यावर घेतली, आणि शुक्र हा धूमकेतूसारखा भटकत पृथ्वीजवळून गेला असं सांगणाऱ्या व्हेलिकोव्हस्कीची बाजू घेतली. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या लेखकांच्या लिखाणालाही त्यानं उघडपणे विद्वत्तापूर्ण म्हटलं. अनेक जुन्या चाहत्यांनी त्याचं नाव टाकलं. काहींनी पुस्तक ठेवलं, माणूस सोडला.

मी या गोष्टीकडं कादंबरीतून पाहतो. ‘सगळे म्हणतात ते चूक असेल’ हा हंटचा स्वभाव. ‘असेल, पण तुझ्या म्हणण्यात हे बसत नाही, ते आधी बसव’ हा डॅनचेकरचा. हंट एकटा असता तर पहिल्याच आठवड्यात एखादी झकास आणि चुकीची गोष्ट सांगून मोकळा झाला असता. डॅनचेकर एकटा असता तर चार्ली पृथ्वीचाच म्हणून फाइल बंद झाली असती. होगननं तरुणपणी दोघांना एका टेबलाशी बसवलं. म्हातारपणी त्याच्या टेबलाशी हंट तेवढा राहिला. डॅनचेकरची खुर्ची वाचकांनी घेतली.

सत्तरच्या दशकात परग्रहावरून आलेल्या पूर्वजांची आणि देवांची पुस्तकं दुकानांत ढिगांनी होती. डॅनिकेन तर मराठीतही आवडीनं वाचला गेला. होगनचा विषय तोच, पण बाज उलटा. डॅनिकेन एक आकृती दाखवतो आणि विचारतो, हे दुसरं काय असणार? होगनचं पात्र असं बोललं तर समोरचा त्याला लगेच आणखी दोन शक्यता ऐकवतो. आपल्याकडं जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ मध्येही जमिनीखालून एका नाहीशा झालेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा वर येतो आणि शास्त्रज्ञ त्याचा अर्थ लावत बसतात. ज्यांना तो भाग आवडला त्यांना चार्लीचा तपास आवडेल.

वाचकांचं एक भांडण अजून मिटलेलं नाही, ते उपसंहाराबद्दल. आफ्रिकेतल्या एका उत्खननात मनगटावर बांधायचं एक यंत्र सापडतं. वाचकाला कळतं, की पृथ्वीवर उतरलेल्यांचा हाच तो पुरावा. पण खोदणारे तज्ज्ञ, कुणीतरी थट्टा केली, असं म्हणून ते फेकून देतात. काहींना हा कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग वाटतो, तर काही पुरातत्त्ववाले म्हणतात, की आम्ही असं काहीही फेकत नाही, थट्टेची वस्तूसुद्धा नोंद करून ठेवतो. मी दुसऱ्यांच्या बाजूचा.

पुढची पुस्तकं वाचावीत का? दुसरं नक्की, ‘द जेंटल जायंट्स ऑफ गॅनिमीड’, १९७८ चं. त्यात ते महाकाय प्राणी स्वतःच परत येतात. त्यांचं यान इतक्या वेगानं फिरत राहिलेलं असतं की बाहेर अडीच कोटी वर्षं गेली तरी आत थोडीच. त्यांच्या ग्रहावर मांसाहारी प्राणी कधी उपजलेच नाहीत, कारण तिथल्या प्राण्यांच्या अंगातच विष भिनलेलं असे; चावा घेणारा मरे. कुणी कुणाला खात नाही अशा जगात घडलेलं मन कसं असेल, हा प्रश्न होगननं तिथं इतका मन लावून सोडवलाय की पहिल्या भागातली पुठ्ठ्याची पात्रं माफ करावीत. तिसऱ्यात कटकारस्थानं फार झाली आहेत. चौथं मी अर्ध्यात ठेवलं.